टीव्हीपुढच्या दोन पणत्या

छातीम फुलला की मी दिवस मोजू लागते.

कोलकात्यात सॉल्ट लेकच्या रस्त्यांना या झाडांच्या रांगाच्या रांगा आहेत. मराठीत आपण त्याला सप्तपर्णी म्हणतो. दुर्गापूजा आटोपते, मांडवांची कापडं उतरतात, बांबूंचे सांगाडे तेवढे रस्त्याकडेला उभे राहतात, आणि एका संध्याकाळी खिडकी उघडावी तर तो वास थेट घरात शिरतो. बंगाली माणसं त्या वासाने हळवी होतात. मी लग्न होऊन सांगलीहून इथे आले, त्या पहिल्या कार्तिकात सासूबाईंना विचारलं होतं, शेजारी कुणी उदबत्त्या तळतंय का? त्या पोट धरून हसल्या होत्या. तेव्हा या वासाने नुसतं डोकं दुखायचं. आता वास आला की कळतं, चौदा दिव्यांची संध्याकाळ जवळ आली.

काल बाजारात गेले तर फुटपाथवर पणत्यांचे ढीग लागलेले. शेजारी चौदा पालेभाज्यांच्या मिसळलेल्या जुड्या. दिवाळीच्या चतुर्दशीला इथे चौदा भाज्या एकत्र शिजवून खातात आणि संध्याकाळी घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत चौदा दिवे लावतात, चौदा पिढ्यांच्या पूर्वजांसाठी. पणत्या विकणारी बाई मला ओळखते. "बौदी, चोद्दोटा देबो?" तिने विचारलं. वहिनी, चौदा देऊ का? मी मान हलवली. "एबारओ ना?" यंदाही नाही? तिच्या डोक्यावरच्या बल्बभोवती बारीक हिरवे किडे घिरट्या घालत होते. त्यांना इथे श्यामापोका म्हणतात, कालीपूजेच्या दिवसांत येतात आणि दिवे संपले की मरून जातात. दोनचार माझ्या पदरावर पडले. मी ते झटकले, पालकाची जुडी घेतली आणि घरी आले.

आमच्या घरी मराठी दिवाळी आणि बंगाली दिवाळी एकाच दिवशी नांदायची. सकाळी उटणं, अभ्यंगस्नान, कारीट फोडणं. संध्याकाळी चौदा दिवे. सासूबाई भवानीपूरच्या जुन्या भाड्याच्या घरात शेजारणींचं बघून ते शिकल्या आणि मग त्यांनी आपल्या कुळाचाच आचार असल्यासारखं ते पाळलं. नियमही त्यांचेच. दिवा कधी फुंकर घालून विझवायचा नाही. "विझव" असं म्हणायचंसुद्धा नाही, "मालव" म्हणायचं, आणि मालवायचा तो वात हलकेच तेलात ओढून. मी एकदा घाईत फुंकर घालायला गाल फुगवले, तर त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला होता.

भवानीपूरच्या घराला कोपऱ्यांचा तोटा नव्हता. जिन्याखाली, हौदापाशी, कोळशाच्या खोलीत, गच्चीच्या दाराशी. चौदा दिवे कमी पडायचे. सॉल्ट लेकच्या या फ्लॅटला तेवढे कोपरेच नाहीत. न्हाणीघराचं दार, बाल्कनी, लिफ्टसमोरची जागा, तुळशीची कुंडी असं सगळं धरूनही दरवर्षी दोन पणत्या उरायच्या. त्या दोन पणत्या टीव्हीच्या शेल्फवर ठेवायच्या, हे आमच्या यांनी ठरवून टाकलं होतं. "या घरात सगळ्यात जास्त भुतं तिथूनच येतात," असं म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचे.

हे जन्माने कोलकात्याचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीत इकडे आले ते इथेच राहिले. यांचं मराठी घरातलं, सासूबाईंकडून कानांवर पडलेलं, आणि बाकी सगळं बंगाली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "मी जरा चहा खाऊन येतो." बंगालीत चहासुद्धा खातात. मी म्हटलं, खा, पण चावून खा. एस्प्लनेडला एका खासगी कंपनीच्या कचेरीत आयुष्य काढलं आणि त्या कचेरीबद्दल घरी कधी अवाक्षर बोलले नाहीत. बोलायचे ते कॅरमबद्दल. इथे थंडीची चाहूल लागली की गल्लीत तारेवर बल्ब टांगतात, खाली उंच स्टँडवर कॅरमबोर्ड येतो, आणि मफलर गुंडाळलेले बाप्ये उभ्याने खेळत राहतात. हे स्ट्रायकरवर बोट ठेवायचे आणि एक क्षण सगळं अंग स्थिर व्हायचं. बाल्कनीतून मला फक्त टाळूवरचं टक्कल आणि ते बोट दिसायचं. "दादा, आर एक बोर्ड!" आणखी एक डाव, असा ओरडा झाला की मी समजायची, जेवण थंड होणार.

एका हिवाळ्यात त्यांचं ते बोट स्ट्रायकरवर ठरेना. थंडीमुळे असेल म्हणाले. मग शर्टाची बटणं लागेनात, मग सही बारीक बारीक होत मुंगीएवढी झाली. डॉक्टरांनी यांना खोलीतल्या खोलीत चालायला लावलं, उजवा हात चालताना हलत नाही हे मला दाखवलं. इतकी वर्षं शेजारून चालत होते मी, मला दिसलं नव्हतं. कंपवात. बरा होत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पण हाताला काम देत राहा, त्याने बरे दिवस लांबवता येतात, असंही म्हणाले. ते "लांबवता येतात" आम्ही दोघांनी घट्ट धरून ठेवलं. घरी येताना टॅक्सीत हे म्हणाले, "म्हणजे अगदीच काही हातचं गेलेलं नाही."

व्यायाम घ्यायला सुतपा नावाची मुलगी घरी यायची. यांना त्या व्यायामांचा भयंकर कंटाळा. रबरी चेंडू दाबा, बशीतले राजमे वाटीत टाका. "मी काय बालवाडीत आहे?" असं म्हणून राजमे माझ्याकडे सरकवायचे, उसळ कर. एकदा सुतपाला काहीतरी हवं होतं म्हणून माळ्यावरून खोका काढला, तर त्यात निखिलचा जुना व्हिडिओ गेम निघाला. निखिल आमचा मुलगा, आता बंगळुरूला असतो. तो शाळेत असताना हट्ट करून घेतलेला तो खेळ. एक पांढरं यंत्र टीव्हीला जोडायचं, टीव्हीखाली एक काळी बारीक पट्टी ठेवायची, आणि हातात पांढरा रिमोट धरून हात हलवला की पडद्यावर तसंच घडायचं. हवेत बॅट फिरवली की तिथे चेंडू उडायचा. तेव्हा मी निखिलला म्हणायची, खरीखुरी बॅट आहे की रे घरात. सुतपाचे डोळे मात्र चमकले. "माशिमा, एटा तो दारुण!" मावशी, हे तर झकासच, असं म्हणत तिने जमिनीवर बसून तारा जोडायला सुरुवात केली.

यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर आम्ही तिघं आलो. निखिलने तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या बाहुल्या केल्या होत्या. गोल डोकी, टिकल्यांएवढे डोळे. माझ्या बाहुलीला अंबाडा आणि रागीट भुवया. यांच्या बाहुलीला काळीभोर मिशी आणि डोक्यावर भरपूर केस. एवढी वर्षं माळ्यावरच्या खोक्यात आम्ही तसेच तरुण फिरत होतो. पांढऱ्या अंगणात तिन्ही बाहुल्या इकडून तिकडे हिंडायच्या, आणि रिमोट रोखला की पडद्यावर एक हात यायचा, छोटा, पांढरा, एक बोट पुढे केलेला. तो हात बाहुलीवर नेऊन बटण दाबलं की बाहुली चिमटीत उचलली जायची आणि पाय झाडायची.

सुतपाने त्याचाच व्यायाम केला. पडद्यावरचा हात स्थिर ठेवायचा आणि स्वतःची बाहुली पकडायची. "धोरुन, मेशोमशाय, धोरुन!" पकडा काका, पकडा, असं ती ओरडायची. पहिल्या दिवशी हात हेलकावे खात राहिला. आठवड्याभरात यांना युक्ती सापडली. कोपर बरगडीला टेकवायचं, श्वास रोखायचा, आणि एक क्षण ते जुनं कॅरमवालं अंग परत यायचं. बाहुली चिमटीत यायची. मग मला उचलायचे. अंबाड्यावाली बाई पाय झाडतेय आणि हे खुर्चीत बसून हसताहेत. "शालू, बघ, किती थयथयाट करतेस." मी म्हणायची, खाली ठेवा आधी. खोटं कशाला बोलू, मला फार आवडायचं ते. पूजेच्या त्या दिवसांत बाहेर ढाक वाजत असायचे आणि घरात हे रिमोट रोखून बसलेले असायचे. सप्तमीला त्यांनी शर्टाची सगळी बटणं स्वतः लावली. दशमीला गल्लीतल्या मंडळींना सांगून आले की या थंडीत एखादा बोर्ड खेळून बघीन म्हणतो. त्या ऋतूत मला वाटलं होतं की आम्ही निभावून नेऊ. इतकं मनापासून मला त्यानंतर काही वाटलेलं नाही.

मग चतुर्दशीची संध्याकाळ आली. छातीमचा वास घरभर. पणत्या यांनीच लावल्या, मी फक्त काडी ओढून द्यायची. हात कापत होता पण वात पेटत होती. न्हाणीघर, बाल्कनी, तुळस, आणि शेवटी नेहमीच्या दोन टीव्हीच्या शेल्फवर. दिवे छान दिसावेत म्हणून ट्यूबलाइट मालवली. हे खुशीत होते. खुर्चीत बसत म्हणाले, "चला, पूर्वजांना आपली करामत दाखवू," आणि रिमोट हातात घेतला.

पडद्यावरचा तो पांढरा हात आला आणि वेडावल्यासारखा उडू लागला. डावीकडून एकदम उजवीकडे, मग वर, मग नाहीसा, मग परत. इतका तो पहिल्या दिवशीसुद्धा हलला नव्हता. यांनी कोपर टेकवलं. श्वास रोखला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. हात तडफडतच राहिला. मिशीवाली बाहुली त्याच्यासमोरून शांतपणे चालत गेली आणि परत आली. "दमलात तुम्ही, उद्या बघू," मी म्हटलं. त्यांनी रिमोट पुन्हा रोखला, पुन्हा, पुन्हा. कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी रिमोट पणत्यांच्या शेजारी ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसले. "संपलं गं," म्हणाले. पणत्या तेल संपेपर्यंत जळत राहिल्या आणि आम्ही त्यांच्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सुतपाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. राजमे नाहीत, चेंडू नाही, फेऱ्या नाहीत. मी समजावलं, रागावले, एकदा तर मीच ताटावरून उठून गेले. काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलंय, डॉक्टर आणखी काय दाखवणार?" थंडी पडली. खाली बल्ब लागला, बोर्ड आला. "दादा, आशबेन ना?" येणार ना, अशी हाक आली. यांनी उठून खिडकी लावून घेतली. तो उजवा हात दिवसभर मांडीवर नुसता पडलेला असायचा आणि पडल्यापडल्या कापायचा.

नाताळच्या सुट्टीत निखिल आला. जेवताना मी त्याला सगळं सांगितलं, अगदी पणत्या, पूर्वज आणि करामत या शब्दांसकट. त्याचा घास हातातच राहिला. "आई, पणत्या टीव्हीपुढे होत्या? पेटलेल्या?" मी म्हटलं, दरवर्षी असतात. तो ताडकन उठला आणि बाबांच्या खोलीत गेला. त्याचं म्हणणं असं, की रिमोटला एक डोळा असतो. टीव्हीखालच्या काळ्या पट्टीतून, आपल्याला दिसत नाही असा उजेड निघतो, त्याच्याकडे बघून रिमोट पडद्यावरचा हात कुठे ते ठरवतो. पणतीच्या ज्योतीतही तसाच उजेड असतो. दोन पणत्या मध्ये आल्या की त्याला कळेना, खरं कुठलं. "बाबा, तो हात तुमचा हलत नव्हता. पणत्या हलवत होत्या."

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय हे."

तेव्हा निखिलने देवघरातल्या दोन पणत्या आणून शेल्फवर लावल्या आणि रिमोट माझ्या हातात दिला. मी रोखला. माझा हात अगदी ठाम आहे, आजही सुईत दोरा ओवते मी. पडद्यावरचा पांढरा हात मात्र तसाच उडू लागला, वर, खाली, नाहीसा. हे खुर्चीत पुढे सरकले. आणि हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदाच हसले. "म्हणजे तुलापण?" म्हणाले. "मलापण," मी म्हटलं आणि मला रडू आलं. निखिल टाळ्या पिटत होता. काय वाटलं त्या क्षणी ते सांगता येत नाही. चोरीला गेलेलं सगळं कुणीतरी दारात आणून ठेवावं, तसं वाटलं.

मी वाती तेलात ओढून पणत्या मालवल्या. निखिलने रिमोट बाबांच्या हातात दिला, मनगटाला दोरा अडकवला. यांनी कोपर बरगडीला टेकवलं. श्वास रोखला. पडद्यावरचा हात आला.

तो कापत होता. उडत नव्हता, दिसेनासा होत नव्हता. नुसता कापत होता, एकसारखा, थांबायचं नाव न घेता. बाहुली समोर येऊन उभी राहिली, तरी तिच्यावर तो ठरेना. निखिलने शेल्फवर वाकून बघितलं, पणती कुठे धुमसतेय का. धुमसत नव्हती. खोलीत कुठेच काही पेटलेलं नव्हतं. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. "बॅटरी कमी असेल," निखिल म्हणाला. हे म्हणाले, "असेल हं." त्यांनी त्याचं मन राखलं.

पुढे मी डॉक्टरांना विचारलं. मधले ते दिवस व्यायाम सुटला, त्यामुळे झालं का? की त्या चतुर्दशीलाही हात आतून बिघडलेलाच होता? "तसंही झालंच असतं, कमी किंवा जास्त," ते म्हणाले. हे खरं की माझ्या समाधानासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही. भल्या पहाटे जाग आली की मी तोच हिशेब घेऊन बसते आणि तो कधीच सुटत नाही. रोगाने किती नेलं आणि दोन पणत्यांनी किती, हे वेगळं काढता येत नाही. एवढंच माहीत आहे की त्या संध्याकाळी आमच्याकडे थोडेसे बरे दिवस शिल्लक होते आणि आम्ही ते लावलेल्या दिव्यांसमोर बसून सोडून दिले. पूर्वज बघत असतील तर त्यांनी तरी काहीतरी सांगायला हवं होतं.

यांनी मात्र त्याचा विनोद केला. चहा बशीत सांडला की म्हणायचे, "शालू, पणती मालव गं." पेपर हातात फडफडला की, "पणती मालव." पाहुण्यांना कळायचं नाही, आम्हाला दोघांनाच कळायचं. मी खोटं खोटं रागवायची, ते डोळे मिचकावायचे. बरीच वर्षं ते वाक्य आम्हाला पुरलं. सुतपा पुन्हा येऊ लागली होती, पण हाताला राजमा धरवत नव्हता. मग चालणं गेलं. मग आवाज खोल गेला, कान तोंडाशी न्यावा तेव्हा ऐकू येतो. विनोद तसाच राहिला, फक्त एके दिवशी मला जाणवलं की डोळा मिचकावायचं राहिलंय. ते खरोखरच टीव्हीच्या शेल्फकडे बघत होते. पणती शोधत होते.

सुरुवातीला मी सांगायची, अहो, नाहीये तिथे काही. तर माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच ती लपवून ठेवली आहे. तेव्हापासून चौदा दिवे बंद केले. दिवाळीलासुद्धा देवापुढचा दिवा तेवढा लावते आणि दार ओढून घेते, न जाणो ज्योत दिसली तर काय वाटेल त्यांना. सासूबाई असत्या तर बोल लावला असता. पण सासूबाईंचे पूर्वज अंधारात राहिले तर राहू देत, मला माझं माणूस बघायचंय.

काल पालक घेऊन घरी आले तेव्हा हे खुर्चीत बसलेले होते, समोर टीव्ही बंद. खिडकीतून तो वास आत आला होता. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर टकटकत होता आणि ते त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. मी कान जवळ नेला.

"शालू, पणती मालव ना गं."

मी पिशवी खाली ठेवली. टीव्हीपाशी गेले. शेल्फवर धूळ आहे आणि ती काळी पट्टी अजून तशीच आहे, तिच्यापुढे काही नाही. नुसते हात हलवून त्यांचं समाधान होत नाही, त्यांना दिसायला हवं. म्हणून लग्नानंतर कधी केलं नव्हतं ते मी हल्ली करते. गाल फुगवते आणि फुंकर घालते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"मालवली?"

"मालवली."

मग मी खुर्चीपाशी स्टूल ओढते, आणि आम्ही दोघं त्या हाताकडे बघत बसतो.